स्पेनच्या राणीचं दार राखणारी बाई

१७०१ साल सरत आलं होतं. साठीला टेकलेल्या एका विधवेनं स्पेनहून फ्रान्समधल्या आपल्या मैत्रिणीला पत्र लिहिलं. नव्या नोकरीत काय काय करावं लागतं, त्याची यादीच तिनं दिली आहे. रात्री राजा झोपायला आला की त्याचा झगा आपण घ्यायचा, सकाळी तो झगा आणि सपाता आपणच पुढे करायच्या. राजा राणीच्या दालनात शिरतो तेव्हा एक बडा सरदार त्याची तलवार, रात्रीचं भांडं आणि दिवा असं सगळं एकदम आपल्या हातात देतो, आणि दिव्यातलं तेल हटकून कपड्यांवर सांडतं. पलंगाचे पडदे आपण सारल्याशिवाय राजा उठत नाही. एकदा तर तेल सांडून दिवाच विझला. मुक्कामाला पोचलो होतो रात्री, त्यामुळे खिडक्या कुठे आहेत ते ठाऊक नव्हतं. भिंतीवर नाक फुटायची वेळ आली, आणि स्पेनचा राजा नि आपण जवळजवळ पाव तास अंधारात एकमेकांना धडकत खिडकी शोधत राहिलो.

हे लिहिणारी बाई म्हणजे मारी-आन द ला त्रेमुय. इतिहासात तिला 'प्रिन्सेस देझ्युर्सँ', म्हणजे उर्सँची राजकुमारी म्हणतात. पुढची तेरा वर्षं, मधला वर्षभराचा खंड सोडला तर, स्पेनमध्ये मंत्री कोण व्हावा, फ्रान्सच्या राजदूताचं किती ऐकावं, चर्चला किती सवलत द्यावी, हे बऱ्याच अंशी तिच्या शब्दावर ठरलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसारख्या राजानं तिला हाकललं आणि पुढच्याच वर्षी स्वतःच परत पाठवलं. युरोपातला एक तह तिच्यापायी महिनोन् महिने लटकला. तिच्याकडे ना फौज होती, ना जहागीर, ना मूलबाळ. सरकारात तिला कसलंही पद नव्हतं.

मग हा अधिकार आला कुठून? 'कारस्थानी बाई' असं म्हणून तिची बोळवण करणारे बरेच आहेत, आणि तिला सरळ स्पेनची पडद्याआडची पंतप्रधान ठरवणारेही आहेत. मला या दोन्ही वर्णनांनी समाधान होत नाही. तिचा अधिकार कसा चालायचा हे त्या पत्रातच दिसतं. त्या काळी राज्य म्हणजे राजा, आणि राजा म्हणजे एक हाडामांसाचा माणूस. तो झोपतो कुठे, उठवतं कोण, त्याच्यापर्यंत पोचायला कुणाची परवानगी लागते, यावर राज्याचे निर्णय अवलंबून असत.

रोममधली तालीम

मारी-आनचा जन्म १६४२ चा, फ्रान्समधल्या एका जुन्या, मानी घराण्यातला. चौदावा लुई लहान असताना सरदारांनी जे बंड केलं त्यात तिचा बाप सामील होता. म्हणजे दरबाराशी वाकडं घेतलं की काय होतं, हे तिनं बालपणीच पाहिलं होतं. १६५९ मध्ये शालेच्या राजपुत्राशी तिचं लग्न झालं. त्यानं चार वर्षांच्या आतच एका द्वंद्वयुद्धात भाग घेतला. फ्रान्समध्ये तेव्हा द्वंद्वाला देहान्ताची शिक्षा होती, त्यामुळे तो देश सोडून पळाला. आधी स्पेन, मग इटली. तीही त्याच्यामागे गेली. स्पॅनिश भाषा आणि स्पॅनिश सरदारांच्या रीतीभाती तिला तेव्हाच कळल्या. १६७० मध्ये नवरा व्हेनिसजवळ वारला आणि परक्या मुलखात ती एकटी पडली, वय अठ्ठावीस.

ती गेली रोमला. कॅथलिक जगात रोमची गोष्टच वेगळी होती. पोप हा धर्मगुरू तर होताच, पण इटलीच्या मधल्या मोठ्या मुलखाचा राजाही होता. प्रत्येक कॅथलिक राजाचा वकील, म्हणजे राजदूत, तिथे असायचा. पुढचा पोप कोण व्हावा यावर फ्रान्स आणि स्पेन वर्षानुवर्षं डाव मांडून बसत. तिथल्या फ्रेंच मंडळींनी १६७५ मध्ये तिचं दुसरं लग्न जमवलं. नवरा फ्लाव्हिओ ऑर्सिनी, ब्राच्यानोचा ड्यूक, तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा. रोममधलं अत्यंत जुनं घराणं, आणि तितकंच कर्जात बुडालेलं. लुईला या लग्नातून रोममध्ये फ्रान्सच्या बाजूचं एक मोठं घर हवं होतं.

संसार काही फार जमला नाही. ती अनेक वर्षं पॅरिसलाच जाऊन राहिली. पण रोममध्ये असली की तिच्या वाड्यावर कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्मगुरू), वकील, कवी, प्रवासी अशी वर्दळ असे. कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण कशाला भुलतो, कोणती बातमी किती दिवसांनी पॅरिसला पोचते, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळायचं. कर्ज फेडण्यासाठी ब्राच्यानोची जहागीर विकावी लागली आणि १६९८ मध्ये ड्यूकही गेला. जहागिरीबरोबर तिचा किताबही गेला होता. म्हणून तिनं ऑर्सिनी या नावाचं फ्रेंच रूप घेतलं, उर्सँ. छप्पन वर्षांची, निपुत्रिक, पैशाची चणचण असलेली विधवा. त्या काळात अशा बाईला मठात जाऊन उरलेलं आयुष्य जपमाळ ओढत काढण्याचा सल्ला मिळाला असता.

स्पेनला राजा हवा होता

१ नोव्हेंबर १७०० रोजी स्पेनचा राजा दुसरा कार्लोस वारला. त्याला मूल नव्हतं. स्पेन म्हणजे तेव्हा नुसता स्पेन नव्हे. नेपल्स, सिसिली, मिलान, आजच्या बेल्जियमचा बराचसा भाग, अमेरिकेतला अफाट मुलूख आणि फिलिपीन्स, एवढं सगळं त्या एका मुकुटाखाली होतं. कार्लोसनं मृत्युपत्रात हे सगळं चौदाव्या लुईच्या नातवाला, सोळा वर्षांच्या फिलिपला दिलं. फिलिपची आजी कार्लोसची सावत्र बहीण होती, त्या नात्यानं. ऑस्ट्रियाच्या सम्राटाला ही गादी आपल्या धाकट्या मुलासाठी, आर्चड्यूक चार्ल्ससाठी हवी होती. फ्रान्स आणि स्पेन एकाच घराण्याकडे गेले तर आपलं काही खरं नाही, ही भीती इंग्लंड आणि हॉलंडला होतीच. त्यातून जे युद्ध पेटलं ते १७१४ पर्यंत चाललं.

लुईपुढे प्रश्न होता की नातवाला राजा तर केलं, आता त्याला सांभाळायचं कुणी? फिलिप मोहिमेवर गेला की शूर, एरवी मात्र खिन्न. निर्णय घ्यायला घाबरायचा. धार्मिक इतका की प्रत्येक गोष्टीत पापभीरू. त्याच्यासाठी बायको निवडली फ्रान्स-इटलीच्या सीमेवरच्या सावॉय संस्थानाच्या ड्यूकची मुलगी, मारिया लुइसा. लग्नाच्या वेळी ती फक्त तेरा वर्षांची होती. सोळा-सतरा वर्षांचा राजा, तेरा वर्षांची राणी आणि समोर जुन्या, अभिमानी स्पॅनिश सरदारांचा दरबार. राणीजवळ कुणी जाणतं माणूस हवं, हे उघडच होतं.

इथे उर्सँनं जे केलं ते मला तिच्या साऱ्या आयुष्यातलं फार महत्त्वाचं पाऊल वाटतं. कुणी बोलावण्याची वाट तिनं पाहिली नाही. तिनं आपली मैत्रीण, मार्शल द नोआयची बायको, हिला पत्र लिहून स्वतःचं नाव स्वतःच पुढे केलं. स्पेनमधल्या वरिष्ठ सरदाराची मी विधवा आहे, कारण ऑर्सिनींना स्पेनचा तो मान होता. मला स्पॅनिश येतं. माद्रिदमध्ये माझे स्नेही आहेत, त्यात कार्डिनल पोर्तोकारेरोही आहेत. पोर्तोकारेरो हा टोलेडोचा आर्चबिशप, स्पेनच्या चर्चमधला पहिला माणूस, आणि कार्लोसनं फिलिपच्या नावे मृत्युपत्र केलं त्यात त्याचा मोठा हात होता. आता हे पत्र नोआय बाईंनाच का? तर त्यांच्या मुलाशी मादाम द मँतनाँच्या भाचीचं लग्न झालं होतं, आणि मँतनाँ ही लुईची गुपचूप केलेली बायको. पत्र योग्य बाईच्या हातात पडलं की राजाच्या कानावर जाणार, हे उर्सँला पक्कं माहीत होतं. आणि तसंच झालं. तिला 'कामारेरा मायोर' नेमलं गेलं, म्हणजे राणीच्या महालाची मुख्य कारभारीण.

दाराचा ताबा

सावॉयहून आलेल्या राणीला फ्रान्सच्या दक्षिणेतून स्पेनपर्यंत आणायचं काम उर्सँकडेच होतं. सरहद्दीवर राणीच्या माहेरच्या सगळ्या बायका परत पाठवल्या. ही त्या काळची रीतच होती, पण तेरा वर्षांच्या पोरीवर काय गुदरली असेल! नोव्हेंबर १७०१ मध्ये फिगेरास गावी लग्न झालं. रात्रीच्या जेवणात अर्धे पदार्थ फ्रेंच, अर्धे स्पॅनिश. वाढणाऱ्या स्पॅनिश मानकरणींनी काही ना काही निमित्त काढून फ्रेंच पदार्थांची ताटं खाली पाडली. राणी रडायला लागली. मला माझ्या बायका हव्यात, मला घरी जायचंय, असं तिनं धरलं. त्या रडणाऱ्या मुलीच्या जवळ त्या क्षणी ओळखीचं असं एकच माणूस होतं, प्रवासभर सोबत असलेली उर्सँ. पुढे या दोघींत जी माया जडली ती खरी होती, असं त्यांची पत्रं वाचून मला वाटतं. त्या मायेचा राजकीय उपयोग झाला म्हणून ती खोटी ठरत नाही.

कामारेरा मायोर हे पद कागदावर घरकामाचं आहे. राणीचे कपडे, जेवण, दासी, भेटीगाठी, सगळ्यावर देखरेख. राणी कुठेही गेली तरी बरोबर असायचं. रात्री शयनगृहाचं दार लावायचं आणि सकाळी उघडायचं. आपल्याकडे मंत्र्याला भेटायचं तर आधी त्याच्या पीएला गाठावं लागतं, तसंच हे. पण उर्सँच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळली. स्पेनचे आधीचे राजे राणीपासून वेगळे, आपल्या महालात राहत. फिलिपला मात्र राणीशिवाय करमत नसे. तो झोपायचा राणीकडे, उठायचा राणीकडे, मन मोकळं करायचा ते राणीपाशी. त्यामुळे जी राणीचं दार राखत होती, तिच्या ताब्यात राजाचंही दार आलं. लुईच्या वकिलालाही राजाला एकट्यात भेटायचं तर तिला ओलांडून जावं लागे.

शिवाय राणी विलक्षण हुशार निघाली. १७०२ मध्ये फिलिप इटलीतल्या लढाईवर गेला, तेव्हा चौदावं वर्षही न उलटलेली मारिया लुइसा माद्रिदला मंत्र्यांच्या बैठकीत अध्यक्षपदी बसली. तिला कागद वाचायला, प्रश्न विचारायला आणि गप्प कधी राहायचं हे शिकवणारी कोण होती, ते सांगायला नको.

हाकललं आणि परत आणलं

फ्रान्सचे वकील याला वैतागले. कार्डिनल एस्त्रे आणि नंतर त्यांचा पुतण्या आबे एस्त्रे, दोघांनाही वाटत होतं की स्पेन आता वर्सायहून, म्हणजे लुईच्या दरबारातून चालवायचा, आणि ही बाई मध्ये उभी. आबेनं लुईला एक खलिता पाठवला. त्यात उर्सँबद्दल नाही नाही ते होतं, आणि तिचा अश्वपाल ओबिन्यी याच्याशी तिनं चोरून लग्न केलंय असंही होतं. तिनं तो खलिता वाटेतच उघडून वाचला. सँ-सिमाँ हा लुईच्या दरबारातला ड्यूक, त्या काळच्या दरबारी जीवनाच्या प्रचंड आठवणी लिहून गेलेला. तो सांगतो की लग्नाच्या वाक्याशेजारी समासात तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'लग्न? मुळीच नाही!', आणि खलिता तसाच पुढे जाऊ दिला. संबंधाचा आरोप तिनं खोडला नाही, खालच्या दर्जाच्या माणसाशी लग्न केल्याचा मात्र खोडला. त्या काळच्या सरदारीणीला कशाची लाज वाटे, हे यातून स्वच्छ दिसतं.

राजाचं टपाल फोडणं हा मोठाच गुन्हा. १७०४ मध्ये फिलिप पोर्तुगालच्या सरहद्दीवर मोहिमेत असताना, म्हणजे राजा-राणी एकत्र नसताना, लुईनं तिला स्पेन सोडण्याचा हुकूम धाडला. वेळ मुद्दाम साधलेली होती. ती निमूट निघाली, पण रमतगमत. इटलीला जायचा हुकूम असताना तिनं मध्येच तुलूझला थांबण्याची परवानगी मिळवली आणि तिथून पत्रांचा सपाटा लावला.

इकडे माद्रिदला काय झालं? लुईला वाटलं होतं की बाई गेली की राणी मऊ येईल. राणीनं नव्या फ्रेंच वकिलाला दाद दिली नाही, आणि राजा राणीचंच ऐकत राहिला. सोळा वर्षांच्या मुलीनं चौदाव्या लुईला टेकीला आणलं. शेवटी त्यानं उर्सँला वर्सायला बोलावून घेतलं. जानेवारी १७०५ मध्ये ती आली ती हद्दपार बाईसारखी नव्हे, एखाद्या राज्याची वकील आल्यासारखी. लुई आणि मँतनाँ तिच्याशी तास न् तास बोलले. त्याच उन्हाळ्यात ती माद्रिदला परतली. या वेळी फ्रेंच वकील आमलो आणि पैशाचा कारभार बघणारा ओरी ही माणसं तिच्याशी जुळवून घेणारी, किंबहुना तिच्याच पसंतीची होती.

बुर्गोसची खोली

दाराचा ताबा एवढ्यावरच थांबलं तर ती एक चतुर दरबारीण एवढीच उरते. तिचं मोठेपण मला दिसतं ते पडत्या काळात. १७०३ मध्ये राणीचाच बाप, सावॉयचा ड्यूक, शत्रूला जाऊन मिळाला. त्याची एक मुलगी स्पेनची राणी, दुसरी लुईच्या थोरल्या नातवाची बायको, आणि हा दोघींच्या विरोधात लढायला उभा. १७०५ मध्ये बार्सिलोना आर्चड्यूक चार्ल्सकडे गेलं. १७०६ च्या जूनमध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज फौजा माद्रिदमध्ये शिरल्या. राणी आणि उर्सँ आधीच उत्तरेला बुर्गोसला निघाल्या होत्या. राणीचे दागिने विकायला फ्रान्सला धाडले.

बुर्गोसहून तिनं मँतनाँला आपल्या राहत्या जागेचं वर्णन कळवलंय. एकच लहानशी खोली, एक बाजू जवळजवळ अख्खी व्यापणारी खिडकी आणि तीही बंद न होणारी. एका बुटक्या दारातून राणीच्या खोलीत जाता येतं. दुसरं दार एका वाकड्यातिकड्या बोळात उघडतं, तिथे दिवे असूनही जायची हिंमत होत नाही, कारण फरशी इतकी उखडलेली की मान मोडायची. भिंती पांढऱ्या म्हणवत नाहीत, इतक्या मळलेल्या. सामान म्हणजे प्रवासातला पलंग, एक घडीची खुर्ची आणि एक फळकुटाचं टेबल. त्याच टेबलावर वेणीफणी, त्यावरच पत्रं आणि त्यावरच राणीच्या पानावरचं उरलेलं गोड खायचं, कारण स्वतःची चूल मांडायला पैसे नाहीत. पासष्टीला टेकलेली बाई हे लिहिते आणि सूर मात्र अजिबात रडका नाही. याच पत्रांतून ती फ्रान्सकडे सैन्य मागत होती, पैसे मागत होती, आणि मध्य स्पेनमधल्या कास्तीलची सामान्य माणसं फिलिपच्याच बाजूची आहेत, धीर सोडू नका, हे पुन्हा पुन्हा बजावत होती. ते खरंही होतं. माद्रिदच्या लोकांनी आर्चड्यूकचं स्वागत केलं नाही, आणि काही आठवड्यांतच शत्रूला शहर सोडावं लागलं. पुढच्या एप्रिलमध्ये आल्मान्साची लढाई फिलिपच्या बाजूनं जिंकली, ऑगस्टमध्ये राणीला मुलगा झाला.

१७०९ चा प्रसंग तर याहून कठीण. फ्रान्समध्ये भयंकर थंडीनं पिकं गेली, उपासमार झाली, तिजोरी रिकामी. लुई तहाला तयार होता, पण विजेत्यांची अट अशी की आपल्या नातवाला स्पेनच्या गादीवरून त्यानं स्वतःच खाली खेचावं. इतकं त्याच्यानं होईना, पण त्यानं आपलं बहुतेक सैन्य स्पेनमधून काढून घेतलं. मँतनाँला काहीही करून शांतता हवी होती. उर्सँ तिला सरळ लिहीत होती की तुमचं हे धोरण भित्रेपणाचं आहे. एक फ्रेंच बाई, फ्रान्सच्या राजानं नेमलेली, आता फ्रान्सच्या विरोधात स्पेनची बाजू मांडत होती. १७१० मध्ये माद्रिद दुसऱ्यांदा गेलं, दरबार वायादोलिदला हलला, आणि त्याच डिसेंबरात फ्रेंच सेनापती वाँदोमच्या सैन्यानं ब्रिउएगा आणि विल्याविसिओसाला शत्रूचा पाडाव केला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियाचा सम्राट वारला आणि आर्चड्यूक स्वतः सम्राट झाला. त्याला स्पेनही द्यायचा तर युरोपचं सारं पारडंच एका बाजूला जाणार, हे इंग्लंडला पटलं. फिलिप गादीवर राहिला.

देवभक्ती वेगळी, चर्चची सत्ता वेगळी

'कॅथलिक सरदारीण' म्हटलं की पोपचा शब्द झेलणारी बाई डोळ्यांपुढे येते. उर्सँच्या श्रद्धेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण १७०९ मध्ये ऑस्ट्रियन फौजेच्या दबावाखाली पोप अकराव्या क्लेमेंटनं आर्चड्यूकला राजा म्हणून मान्यता दिली, तेव्हा फिलिपनं पोपच्या वकिलाला देशाबाहेर काढलं आणि रोमशी संबंध तोडले. या धोरणाला तिचा पाठिंबा होता. ओरी आणि कायदेपंडित माकानाथ यांच्याकडून तिच्या गोटानं राज्याची नवी घडी बसवायला घेतली. जुनी सल्लागार मंडळं बाजूला सारून कामकाज मंत्र्यांकडे आणायचं, वसुली सुधारायची, आणि चर्चचे कर-माफीसारखे हक्क कमी करायचे. आरागॉन आणि व्हॅलेन्सियाचे जुने कायदे १७०७ मध्येच रद्द झाले होते. त्या प्रदेशांतल्या माणसांना आजही ती जखम वाटते, आणि या काळाचं कौतुक करताना ते विसरून चालणार नाही.

माकानाथनं चर्चच्या हक्कांविरुद्ध जो अहवाल लिहिला त्याला १७१४ मध्ये इन्क्विझिशनचा प्रमुख कार्डिनल जुदिचे यानं निषिद्ध ठरवलं. इन्क्विझिशन ही धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारी चर्चची संस्था, तिच्यापुढे स्पेनमध्ये भलेभले चळचळा कापत. राजानं तो निषेध मागे घ्यायला सांगितला आणि जुदिचेला दूर केलं. त्यामागे उर्सँ होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या शत्रूंच्या यादीत आता स्पॅनिश सरदार, फ्रेंच वकील आणि चर्चमधले वजनदार लोक असे तिघेही जमा झाले.

या यादीत लुईही आला, आणि ते तिच्याच हट्टामुळे. १७११ मध्ये फिलिपनं तिला वचन दिलं होतं की नेदरलँड्सच्या दक्षिण भागात, म्हणजे आजच्या बेल्जियमकडे, एक छोटं स्वतंत्र संस्थान तुला मिळेल. आयुष्यभर दुसऱ्याच्या दारावर उभं राहिलेल्या बाईला शेवटी आपला स्वतःचा उंबरठा हवासा वाटला, हे मी समजू शकते. पण तो मुलूख ऑस्ट्रियाकडे जाणार होता, आणि सम्राट किंवा डच तिला तिथे इंचभर जागा द्यायला तयार नव्हते. फिलिप अडून बसला. हॉलंडमधल्या उत्रेख्त शहरात १७१३ मध्ये बाकीचे तह झाले, तरी स्पेन आणि हॉलंडचा तह जून १७१४ पर्यंत रखडला. संस्थान मिळालं नाहीच. लुई मात्र कायमचा चिडला.

हाद्राके

१४ फेब्रुवारी १७१४ रोजी मारिया लुइसा क्षयानं गेली. वय फक्त पंचवीस. त्या दिवशी उर्सँचं पद खरं तर संपलं, कारण राणीच नाही तर राणीची कारभारीण कसली? तिच्याकडे राजपुत्रांची देखभाल होती, म्हणून ती राहिली. राजाच्या दालनापासून मुलांच्या दालनापर्यंत तिनं झाकलेला मार्ग बांधून घेतला, आणि म्हातारी आता राजाशी लग्न लावणार अशी कुजबुज सुरू झाली. तिला सत्तरी उलटलेली, त्यामुळे त्या कुजबुजीत तथ्य असण्यापेक्षा द्वेषच जास्त होता.

राजाला नवी राणी हवी होती, आणि उर्सँला हवी होती आपल्या ऐकण्यातली. इटलीतल्या पार्मा या छोट्या संस्थानाचा प्रतिनिधी अल्बेरोनी हा मोठा चतुर धर्मगुरू. त्यानं पार्माच्या एलिझाबेथ फार्नेझेचं नाव सुचवलं. लोणी आणि चीज खाऊन वाढलेली साधीभोळी पोर आहे, शिवण-टिपणापलीकडे तिला काही कळत नाही, असं त्यानं वर्णन केल्याचं सांगतात. रोममध्ये माणसं वाचायला शिकलेली, लुईला वळवणारी ही बाई इथे फसली. बरोबरीच्या नसलेल्या लहान घराण्यातली मुलगी उपकार स्मरेल, असा तिचा हिशेब होता. एलिझाबेथ बावीस वर्षांची, अनेक भाषा जाणणारी आणि जबरदस्त महत्त्वाकांक्षी होती. वाटेत तिला तिची मावशी भेटली. ती होती कार्लोसची विधवा, माद्रिदबाहेर घालवून दिलेली आणि उर्सँवर डूख धरून असलेली. पाम्प्लोनाला अल्बेरोनी येऊन मिळाला.

२३ डिसेंबर १७१४. राजा ग्वादालाहाराला नव्या राणीची वाट बघत थांबला होता. उर्सँ पुढे हाद्राके गावी स्वागताला गेली, दरबारी पोशाखात, दागिने घालून. दोघी एका खोलीत गेल्या. आत नेमकं काय बोलणं झालं याच्या अनेक कहाण्या आहेत. उर्सँनं राणीच्या उशिरा येण्यावर की पोशाखावर काही टोकलं, असं सांगतात. थोड्याच वेळात राणीचा आवाज चढला. या वेडीला बाहेर काढा, असं ओरडून तिनं पहाऱ्याच्या अधिकाऱ्याला बोलावलं. उर्सँला गाडीत घालून सरहद्दीपार सोडा, हा हुकूम. अधिकाऱ्यानं चाचरत लेखी हुकूम मागितला. राणीनं कागद मागवला आणि मांडीवर ठेवून तिथल्या तिथे लिहून दिला.

रात्रीच गाडी निघाली. बरोबर एक दासी, दोन अधिकारी आणि घोडेस्वार. अंगावर तोच दरबारी पोशाख, बदलायला कपडे नाहीत, खायला धड काही नाही, बाहेर बर्फ. गारठ्यानं गाडीवानाचा हात निकामी झाला, असं सँ-सिमाँ लिहितो. बहात्तर वर्षांची बाई पहिले काही तास फिलिपचा माणूस मागून येईल या आशेवर होती. आलं ते राजाचं थंड पत्र. आणि राजा? दुसऱ्या दिवशी ग्वादालाहाराला त्याचं एलिझाबेथशी लग्न लागलं. त्याची आधीपासून संमती होती का, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. मला तो वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. फिलिप नेहमी शेजारी असलेल्या बायकोचंच ऐकत आला होता, आणि तेरा वर्षं उर्सँची सगळी ताकद त्याच्या याच सवयीवर उभी होती.

पुढच्या काही महिन्यांत ओरीला देशाबाहेर काढलं, माकानाथ फ्रान्सला पळाला आणि जुदिचे परत आला. राणीचं दार आता अल्बेरोनीनं सांभाळलं आणि काही वर्षं स्पेनचा कारभारही त्यानंच पाहिला.

तीन आठवड्यांच्या प्रवासानंतर उर्सँ फ्रान्सच्या हद्दीत सँ-झाँ-द-ल्यूझला पोचली. लुईनं तिला वर्षाला ४०,००० लिव्हरचं (फ्रान्सचं तेव्हाचं चलन) पेन्शन दिलं, भेटही दिली, पण ती औपचारिकच. लुईचं आयुष्य सरत आलं होतं, आणि पुढे कारभार जाणार होता तिच्या जुन्या वैऱ्याकडे, ऑर्लेआँच्या ड्यूककडे. म्हणून ऑगस्ट १७१५ मध्ये, लुईच्या मृत्यूच्या थोडं आधीच, तिनं फ्रान्स सोडला. आधी जेनोआ, मग रोम. तिथे इंग्लंडच्या गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्याचा जेम्स आपल्या छोट्याशा दरबारासह आश्रयाला होता. त्याचं नुकतंच लग्न झालेलं, बायको कोवळी, परक्या देशात आलेली. उर्सँचं त्या घरात जाणं-येणं सुरू झालं, आणि लवकरच तिथलं बरंचसं तिच्या सल्ल्यानं चालू लागलं. ५ डिसेंबर १७२२ रोजी ती वारली, तोवर तिचं ते काम सुरूच होतं.